टाकीतलं तेल बदलताना

महाराष्ट्रातली थंडी शाल, स्वेटर आणि फार तर कोपऱ्यावरच्या शेकोटीवर भागते. घरातली ऊब विकत घ्यावी लागते, हा आपल्या अनुभवातला भाग नाही. आयर्लंड, ग्रामीण ब्रिटन आणि अमेरिकेचा ईशान्य भाग इथे मात्र ऑक्टोबर ते एप्रिल हा खर्च किराण्याइतकाच पक्का असतो. जिथे नळाचा गॅस पोचलेला नाही, तिथे घराच्या मागे किंवा तळघरात तेलाची टाकी असते. टँकर येऊन ती भरून जातो, बॉयलर ते तेल जाळून पाणी किंवा हवा तापवतो आणि ती ऊब खोल्याखोल्यांत खेळते. उत्तर आयर्लंडमधली सुमारे दोन-तृतीयांश घरं अशी तापतात, आयर्लंड प्रजासत्ताकातली जवळपास ४० टक्के. अमेरिकेत अशी सुमारे ५० लाख कुटुंबं आहेत आणि त्यातली ८० टक्क्यांहून अधिक ईशान्येच्या राज्यांत राहतात. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांचीही पहिल्याच हिवाळ्यात या टाकीशी गाठ पडते.

या टाकीत कोणतं तेल असावं, हा प्रश्न गेल्या काही दशकांत तीन वेगवेगळ्या कारणांनी पुढे आला. आधी सोय आणि खर्च. मग शहराची हवा. आणि आता हवामानबदल. तिन्ही वेळा उपाय एकच सांगितला गेला: बॉयलर ठेवा, तेल बदला. पण तिन्ही वेळचं दुखणं वेगळं होतं, म्हणून गुणही वेगवेगळा आला. एका वेळी हा उपाय कमालीचा यशस्वी झाला, एका वेळी तो कामचलाऊ ठरला आणि आज तो जितका सोपा म्हणून मांडला जातो तितका सोपा नाही. तेल कशासाठी बदलायचं, हे आधी ठरवलं तरच या प्रश्नाचा नीट आढावा घेता येतो.

हलकं, जड आणि तळाचं

खनिज तेल शुद्धीकरणात तापवलं की हलके भाग वर निघतात आणि जड भाग खाली राहतात. रॉकेल हलक्यांपैकी. त्याच्याखाली डिझेलच्या जातीची तेलं. सगळ्यात शेवटी उरतो तो डांबराच्या जवळ जाणारा काळा, दाट गाळ. घर तापवायला हे सगळेच प्रकार वापरले गेले आहेत.

ब्रिटनमध्ये रॉकेलला आजही ‘२८ सेकंदांचं’ आणि डिझेलसारख्या गॅस ऑइलला ‘३५ सेकंदांचं’ तेल म्हणतात. हे सेकंद रेडवूडच्या उपकरणातले आहेत. १०० अंश फॅरनहाइट तापमानाचं ५० मिलिलिटर तेल ठरावीक मापाच्या छिद्रातून गळून जायला लागणारा वेळ म्हणजे त्या तेलाचा दाटपणा. अमेरिकेत याच कामासाठी क्रमांक आहेत. १ नंबरचं तेल रॉकेलच्या जवळचं, २ नंबरचं सर्वसाधारण घरगुती, ६ नंबरचं तळाचं आणि ४ नंबरचं म्हणजे जड आणि हलक्याचं मिश्रण. ६ नंबर हे जहाजांच्या बॉयलरमध्ये जळणारं तेल. आपल्याकडे कारखान्यांत फर्नेस ऑइल म्हणून जे जाळतात, ते त्याच कुळातलं.

जड तेलात लिटरमागे उष्णता जास्त असते. अमेरिकेतल्या हिशोबाप्रमाणे २ नंबरच्या एका गॅलनमधून सुमारे १,३८,५०० बीटीयू उष्णता मिळते, रॉकेलच्या गॅलनमधून सुमारे १,३५,०००. म्हणजे केवळ भावाकडे बघून तेल निवडलं तर हिशोब चुकतो. भाव उष्णतेच्या मापात काढावा लागतो. पण जड तेलाचे दोष थंडीत उघडे पडतात. त्यातलं मेण थिजायला लागतं, तेल ढगाळतं, फिल्टर तुंबतो आणि सगळ्यात जास्त गरज असते त्या रात्री बॉयलर बंद पडतो. रॉकेल ब्रिटन-आयर्लंडच्या कोणत्याही थंडीत वाहतं राहतं, काजळीही कमी धरतं. त्यामुळे तिथल्या घरांत २८ सेकंदांचं तेल रुळलं आणि जुन्या ३५ सेकंदांच्या बॉयलरांची बरीच घरंही हळूहळू रॉकेलवर आली.

अमेरिकेच्या मेन राज्यात या सोयीची दुसरी बाजू दिसते. ज्यांचं घर तळघराचं आहे त्यांची टाकी आत, उबेत असते. त्यांना स्वस्त २ नंबरचं तेल वर्षभर चालतं. फिरत्या घरांत, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या हलक्या घरांत राहणाऱ्यांची टाकी बाहेर उघड्यावर असते. २ नंबरचं तेल साधारण उणे ९ अंश सेल्सियसच्या आसपास ढगाळायला लागतं आणि मेनमध्ये तापमान त्याच्या कितीतरी खाली जातं. म्हणून या घरांना रॉकेल किंवा रॉकेल आणि २ नंबरचं निम्मं-निम्मं मिश्रण घ्यावं लागतं. रॉकेल महाग आणि त्यात उष्णता कमी. फिरत्या घरांत मुख्यतः कमी उत्पन्नाची माणसं राहतात, म्हणजे ज्यांना परवडत नाही त्यांच्याच वाट्याला महाग ऊब येते. टाकी आडोशाला हलवणं, बाहेरची नळी जाड घेणं, ती गुंडाळून ठेवणं असे उपाय आहेत. गरीब घरासाठी सरकारी मदत खरं तर अशाच कामांवर खर्च व्हायला हवी. दर हिवाळ्यात तेलाच्या बिलाला हातभार लावण्यापेक्षा एकदा टाकी हलवून देणं जास्त टिकाऊ आहे.

बर्नर उघडून पाहिला तर

तेल बदलणं म्हणजे टँकरवाल्याला वेगळं नाव सांगणं, असा समज सगळीकडे आहे. तो किती अपुरा आहे हे बर्नर उघडल्यावर कळतं.

आजच्या बहुतेक घरगुती बर्नरमध्ये एक छोटा पंप तेलावर वातावरणाच्या सात ते दहा पट दाब आणतो आणि ते एका नोझलमधून फवारतो. ज्यांनी पितळी स्टोव्हला पिन मारून बंद पडलेली ज्योत परत पेटवली आहे, त्यांना या बारीक छिद्राचं महत्त्व वेगळं सांगायला नको. नोझलच्या अंगावर आकडे कोरलेले असतात: ०.६० आणि ८० अंश, असे काही. पहिला आकडा १०० पौंड दाबाला तासाला किती गॅलन तेल जाईल ते सांगतो, दुसरा फवाऱ्याचा कोन. या फवाऱ्यात पंख्याची हवा मिसळते, ठिणगी पडते आणि ज्योत धरते. एक प्रकाशसंवेदी डोळा त्या ज्योतीवर नजर ठेवून असतो. ज्योत दिसली नाही तर तो काही सेकंदांत तेल बंद करतो.

यातली एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. पातळ तेल नोझलमधून जास्त जाईल असं आपण धरून चालतो, प्रत्यक्षात ते कमी जातं. नोझलच्या आत तेल गरगर फिरत बाहेर येतं आणि त्या भोवऱ्याच्या मधोमध हवेची पोकळी राहते. तेल जितकं पातळ तितकं ते वेगानं फिरतं, पोकळी रुंदावते आणि तेलाला जागा उरत नाही. म्हणून ३५ सेकंदांच्या तेलावरून २८ सेकंदांवर येताना तेच नोझल आणि तोच दाब ठेवला तर उष्णता घटते, हवा प्रमाणाबाहेर होते आणि तापलेली हवा धुराड्यातून वाया जाते. उलट दिशेनं गेलं, म्हणजे रॉकेलसाठी जुळवलेल्या बर्नरमध्ये जड तेल ओतलं, तर ज्योतीला हवा अपुरी पडते आणि बॉयलरच्या आत काजळीचे थर चढतात.

त्यामुळे जाणकार मिस्त्री तेल बदलताना ठरलेल्या क्रमानं जातो. टाकीच्या तळाचं पाणी आणि गाळ काढतो. फिल्टर बदलतो. नव्या तेलाला साजेसं नोझल बसवतो. पंपाला दाबमापक लावून दाब जुळवतो. मग हवेची झडप थोडी उघडून, थोडी मिटवून तो धूर तपासतो. हातपंपानं दहा वेळा धूर ओढून तो पांढऱ्या कागदातून सोडायचा आणि कागदावरचा डाग ० ते ९ च्या छापील पट्टीशी ताडून बघायचा. डाग शून्याच्या जवळ आला की यंत्रानं कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि धुराचं तापमान मोजायचं. हे आकडे बसले की काम पुरं. यातली एकही पायरी गाळली तर नव्या तेलाचा फायदा धुराड्यातून जातो. कार्बन मोनॉक्साइड वाढला तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही, जिवावर बेतू शकतो.

काही उपकरणांना मात्र हा बदल मानवतच नाही. ब्रिटन-आयर्लंडच्या गावांत आगा आणि रेबर्न या नावांच्या जुन्या, ओतीव लोखंडाच्या चुली आहेत. त्यातल्या अनेकांना पंप नाही, नोझल नाही. तेल खाचांमध्ये पसरतं, तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. या चुली रॉकेलवरच नीट चालतात. जड तेल घातलं तर खाचांत कोळसा साचतो. रॉकेलवरसुद्धा त्या वर्षातून एक-दोनदा खरवडाव्या लागतात. घरात अशी चूल असेल तर नव्या इंधनाची जाहिरात वाचण्याआधी ती चूल कशावर चालते हे पाहणं भाग आहे.

न्यूयॉर्कचं काळं तेल

तेल बदलण्याचं सगळ्यात ठसठशीत यश न्यूयॉर्क शहरात दिसलं. तिथल्या जुन्या, मोठ्या निवासी इमारतींच्या तळघरांत ६ नंबरचं तेल जळत असे. साध्या तापमानाला ते इतकं घट्ट असतं की ते टाकीत सतत गरम ठेवावं लागतं आणि जाळण्याआधी आणखी तापवावं लागतं, तरच ते फवारलं जातं. ते स्वस्त होतं, दशकानुदशकं चालत आलेलं होतं आणि त्याचा धूर गच्चीवरच्या धुराड्यातून थेट शेजाऱ्यांच्या खिडक्यांत जात होता.

२००९ साली एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड या संस्थेनं या तेलाविषयी अहवाल काढला. चित्र धक्कादायक होतं. ६ आणि ४ नंबरचं तेल जाळणाऱ्या इमारती होत्या सुमारे १० हजार, म्हणजे शहरातल्या एकूण इमारतींच्या साधारण एक टक्का. या एक टक्क्याचा काजळीतला वाटा शहरातल्या सगळ्या मोटारी आणि ट्रक मिळून टाकतात त्यापेक्षा मोठा होता. २०११ मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनानं नियम आणला. ६ नंबर २०१५ च्या मध्यापर्यंत बंद, ४ नंबर २०३० पर्यंत. सोबत इमारतींना तांत्रिक सल्ला आणि कर्जाची सोय देण्यात आली. काहींनी ६ वरून ४ वर उडी घेतली, काहींनी थेट २ वर आणि बऱ्याच जणांनी नळाचा गॅस घेतला.

परिणाम मोजता आला, कारण शहरानं आधीपासून रस्त्यारस्त्यावर हवा मोजायला सुरुवात केली होती. २०१३ मध्ये शहरानं जाहीर केलं की २००८ पासून हवेतला सल्फर डायऑक्साइड ६९ टक्क्यांनी उतरला आहे आणि २००७ पासून सूक्ष्म धूलिकण २३ टक्क्यांनी कमी झाले आहेत. याचं सगळं श्रेय एका नियमाला देता येणार नाही, त्याच काळात राज्यानंही गंधकाविरुद्ध पाऊल उचललं होतं. पण इतक्या थोड्या वर्षांत, लाखो माणसांनी काहीही न करता त्यांच्या फुप्फुसांना मिळालेला एवढा आराम सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात वारंवार दिसत नाही.

या यशातही एक पदर असा आहे जो नजरेआड करता कामा नये. ज्या इमारतींत पैसेवाले घरमालक होते, त्यांनी लवकर आणि पुरता बदल केला. हार्लेम, वॉशिंग्टन हाइट्स आणि ब्रॉन्क्समधल्या भाडेकरूंच्या इमारतींत ४ नंबरचं तेल बराच काळ राहिलं. तेल भाडेकरू निवडत नाही, मालक निवडतो. धूर मात्र भाडेकरूच्या मुलांच्या श्वासात जातो. वेस्ट हार्लेममधली ‘वी ॲक्ट’सारखी संघटना वर्षानुवर्षं हेच सांगत होती. शेवटी २०२३ मध्ये शहरानं ४ नंबरची मुदत २०३० वरून २०२७ वर आणली. गरीब वस्तीतल्या धुराला सवलतीची लांब मुदत देणं हा अन्याय आहे आणि तीन वर्षांची ही कपात फार उशिरा झाली.

गंधक काढलं तेव्हा

दुसरं यश शांतपणे झालं. २ नंबरच्या घरगुती तेलात पूर्वी दशलक्ष भागांत दोन-तीन हजार भाग गंधक असे. तेल जळलं की त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. थोडा भाग आम्ल बनून बॉयलरच्या थंड पत्र्यावर बसतो आणि तिथे पिवळट-तपकिरी खपली धरतो. ही खपली उष्णता अडवते, म्हणून दरवर्षी बॉयलर घासून घ्यावा लागे. जुलै २०१२ पासून न्यूयॉर्क राज्यानं घरगुती तेलातल्या गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत १५ भागांवर आणली. २०१८ पर्यंत ईशान्येतली इतर बहुतेक राज्यंही तिथे पोचली. भारतात एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ इंधन आलं, तेव्हा आपल्या डिझेलमध्ये गंधक १० भागांवर आलं. हा त्याच वळणाचा निर्णय.

गंधक गेल्यामुळे धूर सुधारला, बॉयलर स्वच्छ राहू लागले आणि धुरातल्या वाफेचंही पाणी करून तिची उष्णता वापरणारे कार्यक्षम बॉयलर टिकाऊ झाले. आणि यासाठी कुणालाही नोझल बदलावं लागलं नाही. टँकर तोच, टाकी तीच, फक्त शुद्धीकरण कारखान्यात जास्त काम झालं. हजारो घरांना पटवत बसण्यापेक्षा उगमापाशी नियम केला तर बदल किती वेगानं होतो, याचा हा धडा पुढच्या टप्प्यात उपयोगी पडायला हवा होता. पुढचा टप्पा मात्र इतका सरळ नाही.

शेतातलं आणि कढईतलं तेल

आता लक्ष्य कार्बन आहे. वर्षाला २,००० लिटर रॉकेल जाळणारं घर हवेत सुमारे ५ टन कार्बन डायऑक्साइड सोडतं. हा आकडा खाली आणायचा, पण बॉयलर फेकायचा नाही, यासाठी दोन प्रकारची जैविक तेलं पुढे आली आहेत. नावं सारखी वाटतात, स्वभाव पार वेगळे आहेत.

पहिलं बायोडिझेल. सोयाबीन, मोहरी, चरबी किंवा वापरलेलं खाद्यतेल घेऊन त्यावर मिथेनॉलची प्रक्रिया करतात. ग्लिसरीन वेगळं होतं आणि उरतं ते बायोडिझेल. अमेरिकेत २००८ पासून ५ टक्क्यांपर्यंतचं मिश्रण साधं घरगुती तेल म्हणूनच मानलं जातं. पुढे २० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी वेगळी प्रत ठरली. सप्टेंबर २०१९ मध्ये ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स शहरात तेल-व्यावसायिकांनी ठराव केला की २०५० पर्यंत या व्यवसायाचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं. राज्यांनी कायदे केले. न्यूयॉर्क राज्यात २०२२ पासून ५ टक्के, २०२५ पासून १० टक्के आणि २०३० पासून २० टक्के बायोडिझेल सक्तीचं आहे. ऱ्होड आयलंडनं २०३० साठी ५० टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं आहे.

५ किंवा १० टक्क्यांत घरमालकाला फरकही जाणवत नाही. प्रमाण वाढलं की बायोडिझेलचा स्वभाव दिसू लागतो. ते उत्तम द्रावक आहे. जुन्या टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षं साचलेला गाळ ते सोडवतं आणि पहिल्याच हिवाळ्यात फिल्टर तुंबतो. सोयाबीनचं शुद्ध बायोडिझेल शून्य अंशाच्या आसपासच ढगाळतं, चरबीचं त्याहून आधी. ते पाणी धरून ठेवतं आणि पाण्यात जंतूंना फावतं. फार दिवस साठवलं तर हवेनं बिघडतं आणि तांब्याच्या नळीनं त्या बिघाडाला वेग येतो. अमेरिकेतल्या जुन्या घरांत तेलाची नळी तर तांब्याचीच असते. पंपातली काही रबरी पॅकिंगं फुगतात. या प्रत्येकावर तोड आहे, पण ती नव्या बर्नरवर सोपी आणि जुन्यावर कठीण आहे.

दुसरं एचव्हीओ, म्हणजे हायड्रोजननं शुद्ध केलेलं वनस्पतिजन्य तेल. यात मिथेनॉलऐवजी हायड्रोजन वापरून तेलातला ऑक्सिजन काढून टाकतात. हाती येतो तो खनिज डिझेलमधल्या उत्तम भागासारखा शुद्ध पॅराफिन. फिनलंडच्या नेस्टे कंपनीनं २००७ मध्ये पोर्व्हो इथे याचं उत्पादन सुरू केलं, मग सिंगापूर आणि रॉटरडॅममध्ये मोठे कारखाने उभारले. एचव्हीओ पाणी धरत नाही, महिनोन्‌महिने टिकतं, थंडीसाठी हवं तसं बनवता येतं आणि त्यात गंधक नसल्यातच जमा असतं. लिटरमागे उष्णता जवळपास रॉकेलइतकीच. दाटपणा मात्र रॉकेलपेक्षा जास्त, डिझेलच्या जवळचा. म्हणून नोझल आणि दाब बदलावे लागतात. पण पोलादी किंवा प्लॅस्टिकची टाकी तीच चालते.

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात कँबोर्नजवळ केहेलंड नावाचं छोटं गाव आहे. तिथली घरं, शाळा आणि चर्च यांचे बॉयलर एचव्हीओवर आणून उद्योगानं प्रत्यक्ष चाचणी घेतली. काही शे पौंडांत आणि अर्ध्या दिवसात एकेक बॉयलर बदलला गेला, लोकांच्या राहणीत फरक पडला नाही. त्याच भागाचे तेव्हाचे खासदार जॉर्ज युस्टिस यांनी आग्रह धरला आणि २०२३ च्या ब्रिटिश ऊर्जा कायद्यात घरगुती जैविक तेलाला पाठबळ देणारी योजना आणण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तांत्रिकदृष्ट्या हा बदल जमतो, यावर आता वाद उरलेला नाही.

पुरेल किती?

वाद आहे तो तेल येणार कुठून याचा. एचव्हीओचं उत्सर्जन ९० टक्क्यांपर्यंत कमी, हा दावा करताना झाड वाढताना शोषलेला कार्बन आणि जळताना सुटणारा कार्बन एकमेकांतून वजा केलेला असतो. कच्चा माल खरोखर टाकाऊ असेल तरच हा हिशोब बरोबर. कढईतलं वापरलेलं तेल जाळलं तर तो बरोबर बसतो. त्या नावाखाली ताजं पाम तेल आलं आणि त्यासाठी इंडोनेशिया-मलेशियातलं जंगल किंवा दलदल साफ झाली, तर घर तापवणाऱ्याच्या कागदावर बचत दिसते आणि पृथ्वीवर नुकसान होतं. युरोपात आशियातून येणाऱ्या ‘वापरलेल्या’ तेलाबद्दल हीच शंका वारंवार घेतली गेली आहे.

इथे आपलाही संबंध येतो. तळणीच्या तेलातली घातक संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यात वापरायचं नाही, असा नियम २०१८ मध्ये भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं केला आणि असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याचा उपक्रम सुरू केला. वडापावच्या गाड्यांपासून फरसाणाच्या कारखान्यांपर्यंत हे तेल सांडतं किंवा पुन्हा कढईत जातं. ते नीट गोळा झालं तर दुहेरी फायदा आहे. पण साऱ्या जगातलं वापरलेलं तेल एकत्र केलं तरी ते मर्यादितच आहे आणि त्याच्यावर हक्क सांगणारे वाढत आहेत. २०२५ पासून युरोपीय संघ आणि ब्रिटन या दोघांनी विमानांच्या इंधनात २ टक्के शाश्वत इंधन सक्तीचं केलं आहे. २०३० मध्ये युरोपीय संघ ६ टक्के आणि ब्रिटन १० टक्के मागणार आहे. भारतानंही आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ पासून १ टक्क्याचं लक्ष्य ठेवलं आहे. विमानाला तेलाशिवाय फारसा पर्याय नाही, घराला आहे. म्हणून मर्यादित माल विमानांसाठी राखावा, हे म्हणणं मला पटतं.

भावाचा प्रश्नही आहे. एचव्हीओ रॉकेलपेक्षा बरंच महाग पडतं. ब्रिटनमध्ये वीज आणि गॅसच्या दरांवर नियामकाची कमाल मर्यादा आहे, घरगुती तेलाला ती लागूच नाही. युक्रेन युद्ध पेटल्यावर २०२२ च्या मार्चमध्ये रॉकेलचा भाव लिटरला एक पौंडाच्या वर गेला आणि उत्तर आयर्लंडमधली अनेक घरं टाकी भरणं सोडून पेट्रोलपंपावरून २० लिटरचे डबे आणू लागली. त्या घरांना त्याहून महाग तेल घ्यायला सांगताना पैसे कोण देणार हेही सांगावं लागेल.

बॉयलरच काढला तर

तेलाला खरा स्पर्धक हीट पंप आहे. हे यंत्र बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून आत आणतं आणि एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतं. मेन राज्याच्या गव्हर्नर जॅनेट मिल्स यांनी २०१९ मध्ये एक लाख हीट पंपांचं लक्ष्य २०२५ साठी ठेवलं होतं. ते २०२३ मध्येच पुरं झालं आणि पुढच्या लक्ष्यात आणखी पावणेदोन लाखांची भर घातली गेली. अमेरिकेतल्या अतिशय थंड आणि तेलावर सगळ्यात अवलंबून असलेल्या राज्यात हे घडलं, त्यामुळे ‘आमच्याकडे फार थंडी असते’ ही सबब आता लंगडी पडली आहे.

तरीही सगळ्या घरांना एकच उत्तर लागू होत नाही. जाड दगडी भिंतींची, फटींतून वारा घुसणारी जुनी घरं, गावाला पुरेसा विजेचा दाब नसणं आणि सुरुवातीचा मोठा खर्च या अडचणी खऱ्या आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये हीट पंपासाठी ७,५०० पौंडांचं अनुदान आहे, पण ही योजना उत्तर आयर्लंडला लागू नाही, जिथे तेलावरच्या घरांचं प्रमाण सगळ्यात जास्त. ब्रिटनमध्ये गॅसची जोडणी नसलेल्या घरांत २०२६ पासून नवा तेल-बॉयलर बसवायला बंदी येणार होती. सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी ती २०३५ वर ढकलली. अशा धरसोडीत घरमालक थांबून राहतो, मिस्त्री नवं शिकत नाही आणि जुना बॉयलर आणखी दहा वर्षं रॉकेल जाळत राहतो.

मग काय करावं

या साऱ्यातून मला जो क्रम दिसतो तो असा. सगळ्यात आधी जिथे घाण तेल जळतं तिथे ते कायद्यानं आणि लवकर बंद व्हावं, कारण त्याचा त्रास ज्यांना होतो त्यांच्या हातात निवड नसते. हा उपाय जमतो हे न्यूयॉर्कनं दाखवून दिलं आहे. आपल्या शहरांलगतच्या कारखान्यांच्या धुराड्यांनाही तो तितकाच लागू आहे. दुसरं, रॉकेल आणि गॅस ऑइल यांच्यातला बदल ही घराची खासगी सोय आहे. तो जरूर करावा, पण नोझल, दाब आणि धुराची तपासणी केल्याशिवाय नाही. तिसरं, जैविक तेलाची थोडी भेसळ करून कार्बनचा प्रश्न सुटल्याचं समाधान मानू नये. २,००० लिटरच्या त्या घराला २० टक्के मिश्रणानं फार तर पाऊण-एक टनाची बचत मिळते, चार टन तसेच राहतात. शंभर टक्के एचव्हीओ हे ज्या घरात हीट पंप खरोखर बसत नाही, त्या मोजक्या घरांसाठी आणि कच्च्या मालाचा उगम तपासूनच वापरावं. आणि चौथं, कोणतंही तेल घालण्याआधी घराच्या फटी बुजवाव्यात, छताला आच्छादन घालावं. त्यातून जे तेल वाचतं ते कुठल्याही नव्या तेलापेक्षा स्वस्त आणि स्वच्छ असतं.

आयर्लंड किंवा न्यू इंग्लंडमध्ये भाड्यानं राहणाऱ्या मराठी कुटुंबांना यातलं बरंच ठरवता येत नाही. पण टाकीत नेमकं कोणतं तेल आहे, बर्नर कशासाठी जुळवला आहे, शेवटची तपासणी कधी झाली आणि धुराचे आकडे काय आले, हे मालकाला लेखी विचारता येतं. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं यंत्र लावून घेता येतं.

तेल बदलण्याच्या बाजूनं आजही बोलता येतं. पण ते हवेसाठी बदलायचं असेल तर सक्तीनं आणि लगेच बदलायला हवं, आणि कार्बनसाठी बदलायचं असेल तर ते थोडी वर्षं मिळवून देणारी तजवीज आहे हे मान्य करून. ती वर्षं आपण घरं बंदिस्त करण्यात आणि वीज स्वच्छ करण्यात घालवली तरच हा बदल केल्याचं सार्थक होईल.